फीत कापल्यानंतरचे काय? आफ्रिकेला पैसा देणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
आफ्रिकी देशांतल्या प्रकल्पांना कर्ज, अनुदान आणि सल्ला देणाऱ्या संस्थांचे संचालक व मंजुरी अधिकारी,
वॉशिंग्टनची जागतिक बँक, अबिजानची आफ्रिकी विकास बँक, बीजिंग व ब्रुसेल्समधल्या वित्तसंस्था आणि आमच्या मुंबईत कफ परेडला मुख्यालय असलेली भारतीय एक्झिम बँक.

सन्माननीय महोदय आणि महोदया,



मी जालना जिल्ह्यातला निवृत्त अभियंता आहे. नोकरी ग्रामीण पाणीपुरवठ्यात झाली आणि त्यातली उमेदीची वर्षे हातपंपांच्या देखभाल-दुरुस्तीत गेली. नंतर एका स्वयंसेवी संस्थेच्या कामासाठी उत्तर युगांडात राहिलो. किती किलोमीटर रस्ता, किती मेगावॉट वीज, किती वर्गखोल्या, ही तुमच्या अहवालांतली भाषा माझ्या चांगल्या परिचयाची आहे. आमच्याकडेही कामाचा हिशेब असाच मांडतात. त्या हिशेबात काय सुटते हे मी फार जवळून पाहिले आहे, म्हणून हे पत्र.

माझे म्हणणे थोडक्यात असे: तुम्ही बांधायला पैसे देता, चालवायला देत नाही. त्यामुळे बांधलेले बुडते आणि कर्ज तेवढे उरते.

आफ्रिकेत चोपन्न देश आहेत. मोरोक्कोची अडचण ती मलावीची नव्हे, आणि रवांडाचा प्रशासकीय कारभार नायजेरियाला लावून चालत नाही. सगळ्या खंडाला एकच औषध सांगण्याचा माझा हेतू नाही. पण पैसा देणारे तुम्ही सगळीकडे तेच आहात आणि पैसा देण्याची तुमची रीतही सगळीकडे जवळपास सारखी आहे. म्हणून तक्रार तुमच्याकडे.

सुरुवात हापशापासून करतो, कारण त्याची मुळे माझ्याच भागात आहेत.

आज आफ्रिकेतल्या हजारो खेड्यांत जो ‘इंडिया मार्क टू’ हातपंप दिसतो, त्याचा पूर्वज जालना आणि सोलापूर इथल्या मिशनच्या कार्यशाळांत घडला. त्याआधी आमच्याकडे एका कुटुंबापुरते बनवलेले बिडाचे पंप अख्ख्या गावासाठी बसवले जात. दिवसभर दांडा हलायचा, बिजागरी झिजायची, बीड तडकायचे. सत्तरच्या दशकातल्या पाहणीत चारातले तीन पंप बंद सापडले. १९७२च्या दुष्काळाने विंधन विहिरींचा वेग वाढवला होता आणि पंप मात्र टिकत नव्हते. सोलापूरच्या पंपात दांड्याला एकच पक्की बैठक, बंदिस्त बेअरिंग आणि सळईला जोडलेली साखळी होती. भारत सरकार आणि युनिसेफ यांनी तो नमुना हाती घेतला, मद्रासच्या रिचर्डसन अँड क्रुडास कारखान्याने तो मोठ्या प्रमाणावर घडवण्याजोगा केला आणि त्याचे पेटंट कुणीही घेतले नाही. कुठल्याही देशाने, कुठल्याही कारखान्याने तो बनवावा अशी मुभा राहिली. एका यंत्राबद्दल अभिमान वाटावा असेच हे सगळे आहे.

पण भारतात हापसा टिकला तो केवळ यंत्राच्या गुणावर टिकलेला नाही. तामिळनाडूने त्याला तीन पायऱ्यांची व्यवस्था जोडली: गावात पंपावर लक्ष ठेवणारा एक माणूस, तालुक्याला मेकॅनिक आणि जिल्ह्याला तिपाई, पाने, नळ्या घेऊन फिरणारी गाडी. महाराष्ट्रात पंचायत समितीला हातपंप दुरुस्ती पथके आली. पोस्टकार्ड टाकले की पथक यायचे. उशिरा यायचे, कधी कधी फार उशिरा, पण येणे हे त्याचे काम होते, त्याचा पगार ठरलेला होता आणि वॉशर-बेअरिंगसाठी दरवर्षी अंदाजपत्रकात तरतूद असायची. आफ्रिकेत पंप जहाजाने गेला. पथक इथेच राहिले.

युगांडात गुलूच्या आसपासच्या एका गावात मी याचा परिणाम पाहिला. पंप उभा होता. दांडा हलत होता, पाणी येत होते आणि कागदावर तो पंप चालू होता. तरीही बायका पिवळे जेरिकॅन घेऊन त्याच्या बाजूने पुढे जात होत्या, खाली दलदलीच्या कडेला असलेल्या झऱ्याकडे. विचारल्यावर त्यांनी सांगितले, या पाण्याने चहा काळा पडतो, उसळीला वास येतो, पांढरा कपडा एकदा धुतला की तांबूस होतो. आम्ही तिपाई लावून नळ्या वर काढल्या. तीन-तीन मीटरच्या, जस्ताचा थर दिलेल्या लोखंडी नळ्या. वरची ठीक होती, खालच्या नळ्यांचे आटे खाल्लेले, मधल्या एकीला आरपार भोके, आणि हात लावला की गंजाचे पापुद्रे सुटून येत होते. त्या भागातले भूजल आम्लधर्मी आहे. अशा पाण्यात जस्ताचा थर लवकर जातो आणि मग लोखंडच पाण्यात उतरू लागते. माझ्याबरोबरच्या स्थानिक मेकॅनिकला हे सगळे माहीत होते. स्टेनलेस स्टीलच्या किंवा चांगल्या प्लॅस्टिकच्या नळ्या टाकल्या की प्रश्न मिटतो, हेही माहीत होते. पश्चिम आफ्रिकेतल्या पंपांवर ऐंशीच्या दशकापासून झालेल्या अभ्यासांत हेच कारण छापून आले होते. तरी वर्षानुवर्षे निविदेत जस्ताचीच नळी येत राहिली, कारण ती स्वस्त, आणि प्रकल्पाचे यश बसवलेल्या पंपांच्या संख्येवर मोजले जात होते. पुढे युगांडा सरकारने नव्या पंपांना जस्ताच्या नळ्या वापरायला बंदी घातली. तो निर्णय पैसा देणाऱ्यांच्या अटींतून वीस वर्षे आधी यायला हवा होता.

ग्रामीण पाणीपुरवठ्यात काम करणाऱ्या संस्थांच्या जाळ्याने २००९ साली सहाराच्या दक्षिणेकडील देशांची जी आकडेवारी एकत्र केली, तिच्यात सुमारे एक तृतीयांश हातपंप बंद होते. नंतरच्या अभ्यासांत हे प्रमाण चारातला एक असे आले. सुधारणा आहे, नाही असे नाही. पण चार पंपांचे पैसे देऊन तीन चालतात, आणि चौथ्याच्या जागी पुन्हा नवा बसवला जातो तो बहुधा दुसऱ्या देणगीदाराच्या नावाचा, हे मला मान्य होत नाही.

केनियातल्या किटुई आणि क्वाले या जिल्ह्यांत ‘फंडीफिक्स’ नावाने एक काम चालते. तिथे गावे पंप बिघडण्याची वाट न पाहता दरमहा थोडी रक्कम देतात आणि त्या बदल्यात बिघाड तीन दिवसांच्या आत दुरुस्त करण्याची हमी मिळते. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी दांड्यात बसवलेल्या छोट्या यंत्रावरून पंप चालतो की नाही हे लांबून कळते. पूर्वी त्या भागात दुरुस्तीला महिनाभर लागत असे. यातला मुख्य धडा पैशाचा आहे: गावांच्या पैशातून सगळा खर्च निघत नाही, म्हणून वरची भर घालायला एक विश्वस्त निधी आहे. तुमच्या पैशाची जागा नेमकी तिथे आहे. माझी पहिली विनंती ही की, पाण्याच्या प्रत्येक प्रकल्पात किमान दहा वर्षांच्या दुरुस्तीचा निधी बाजूला काढल्याशिवाय एकही बोअर मंजूर करू नका. आणि पंप ‘चालू’ असल्याची नोंद दांडा हलतो की नाही यावर न करता, बायका ते पाणी भरतात की नाही यावर करा.

आता रस्ते. इथे मी तुमच्याच कागदाचा आधार घेतो. जागतिक बँकेच्या १९९४च्या विकास अहवालात असे म्हटले होते की, आफ्रिकेत त्याआधीच्या दशकात वेळेवर देखभालीसाठी १२ अब्ज डॉलर खर्च केले असते, तर रस्ते पुन्हा बांधण्याचे ४५ अब्ज डॉलर वाचले असते. या आकड्यांना तीस वर्षे उलटून गेली. तेव्हापासून टांझानिया, घाना, झांबिया, इथिओपिया अशा अनेक देशांनी रस्ता निधी उभारले. पेट्रोल-डिझेलवर उपकर बसवायचा आणि तो थेट देखभालीकडे वळवायचा, ही कल्पना चांगली होती आणि जिथे ती पाळली गेली तिथे रस्ते टिकले. पण तिजोरीला चणचण आली की पहिला हात त्याच निधीत जातो. घानाने २०१७ साली कायदाच करून अशा राखीव निधींना मर्यादा घातली आणि वरचा पैसा सर्वसाधारण खर्चाकडे वळवला.

असे का होते, याचे उत्तर तुमच्या नियमांत आहे. नव्या रस्त्याला तुम्ही कर्ज देता. जुना रस्ता डांबराचा पातळ थर टाकून वाचवायचा असेल तर तो ‘आवर्ती खर्च’ ठरतो आणि तो देशाने स्वतःच्या महसुलातून करायचा असतो. रस्ता पूर्ण उखडला की मग ते ‘पुनर्बांधणी’चे काम होते आणि त्यासाठी पुन्हा तुमचे कर्ज मिळते. एखाद्या अर्थमंत्र्याने या नियमांतून कोणता रस्ता निवडावा अशी तुमची अपेक्षा आहे? हे दोष केवळ तिथल्या राज्यकर्त्यांच्या माथी मारता येणार नाहीत. भ्रष्टाचार आहे, तो लपवण्याचे कारण नाही, पण प्रामाणिक अधिकारीसुद्धा या नियमांपुढे हतबल होतो. मी स्वतः अशाच नियमांखाली नोकरी केली आहे.

लिबियातल्या डेर्नाचे उदाहरण मी मुद्दाम घेतो, कारण तिथे परकीय कर्जाचा किंवा गरिबीचा प्रश्नच नव्हता. देश तेलाचा. शहराच्या वरच्या बाजूला, वाडी डेर्ना या कोरड्या नदीवर, सत्तरच्या दशकात एका युगोस्लाव्ह कंपनीने बांधलेली दोन मातीची धरणे होती. नव्वदच्या दशकाच्या अखेरीसच तडे दिसल्याचे अहवाल झाले होते. दुरुस्तीचे कंत्राट एका तुर्की कंपनीला दिले गेले, काम सुरू झाले आणि २०११च्या उठावात ती कंपनी देश सोडून गेली. त्यानंतर कुणीही परत आले नाही. २०२२ साली एका लिबियन जलतज्ज्ञाने आपल्या शोधनिबंधात लिहिले की मोठा पूर आला तर ही धरणे खालच्या लोकांचा घात करतील. १० सप्टेंबर २०२३च्या रात्री डॅनियल वादळाचा पाऊस आला, वरचे धरण फुटले, त्याच्या पाण्याने खालचे फुटले आणि शहराचा मधला भाग माणसांसकट समुद्रात गेला. मृत आणि बेपत्ता लोकांची संख्या हजारोंत आहे. पुढच्या वर्षी लिबियन न्यायालयाने बारा अधिकाऱ्यांना तुरुंगवासाची शिक्षा सुनावली.

पानशेतची धरणफुटी पाहिलेल्या आणि २०१९मध्ये फुटलेल्या तिवरे धरणाच्या गळतीच्या तक्रारी वाया गेलेल्या महाराष्ट्रातल्या माणसाला डेर्नाची हकिगत परकी वाटत नाही. तडे गेलेले धरण रोज थोडे थोडे फुटत असते. पण त्याच्या दुरुस्तीला कोनशिला नसते, त्यासाठी मंत्री विमानाने येत नाहीत. आफ्रिकेतली बरीच धरणे आता पन्नास-साठ वर्षांची झाली आहेत आणि पावसाचे मान बदलले आहे. सप्टेंबर २०२४मध्ये नायजेरियातले अलाऊ धरण फुटून मैदुगुरी शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला. माझी दुसरी विनंती: नव्या धरणाच्या कर्जाआधी त्या देशातल्या जुन्या धरणांच्या तपासणीला आणि डागडुजीला पैसे द्या, ते कर्ज असू नये, अनुदान असावे.

विजेबद्दल थोडक्यात. सहाराच्या दक्षिणेकडे सुमारे ६० कोटी लोक विजेविना आहेत. २०३० पर्यंत त्यातल्या ३० कोटींना जोडण्याचा जागतिक बँक आणि आफ्रिकी विकास बँकेचा संकल्प आहे, त्याचे मनापासून स्वागत. पण जोडणी आणि वीज यांत फरक आहे, हे दक्षिण आफ्रिकेने दाखवले. तिथे तारा होत्या, केंद्रे होती, तरी २०२३ साली वर्षातले बहुतेक दिवस भारनियमनात गेले, कारण ‘एस्कॉम’ या सरकारी कंपनीने जुन्या केंद्रांची देखभाल वर्षानुवर्षे पुढे ढकलली होती. मग त्यांनी संच नियोजनपूर्वक बंद करून दुरुस्तीचे वेळापत्रक पाळायला सुरुवात केली आणि मार्च २०२४नंतर सलग दहा महिने भारनियमन झाले नाही. खाजगी सौर पॅनेलांचाही त्यात वाटा आहे. पण वेळापत्रक पाळल्याचा परिणाम इतका ठसठशीतपणे क्वचितच दिसतो, म्हणून तुमच्या प्रत्येक वीज प्रकल्पाच्या टिपणीत हे उदाहरण असावे असे मला वाटते.

पर्यावरणाच्या कामातही हीच चूक दुसऱ्या रूपात आहे. २००७ साली आफ्रिकी संघाने साहेल पट्ट्यात सेनेगलपासून जिबुतीपर्यंत आठ हजार किलोमीटरची ‘हरित भिंत’ उभी करायचे ठरवले. २०३० पर्यंत दहा कोटी हेक्टर जमीन सावरायची होती. २०२० साली आढावा घेतला तेव्हा मुख्य पट्ट्यात सुमारे ४० लाख हेक्टरचे काम झाले होते. २०२१ मध्ये पॅरिसच्या परिषदेत तुम्ही १४ अब्ज डॉलरांहून अधिक रक्कम जाहीर केली. रोपे किती लावली हे दरवर्षी सांगितले जाते. किती जगली हे विचारावे लागते. आमच्याकडच्या वनीकरणाच्या आकड्यांनीही मला हेच शिकवले आहे.

त्याच साहेलमध्ये, नायजर देशाच्या मरादी आणि झिंदर भागात, जे घडले ते याच्या उलट आहे. ऑस्ट्रेलियन कृषितज्ज्ञ टोनी रिनाऊदो यांनी ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला तिथे हजारो रोपे लावली आणि ती बहुतेक मेली. मग त्यांच्या ध्यानात आले की शेतात जी खुरटी झुडपे दिसतात ती झुडपे नसून तोडलेल्या झाडांच्या बुंध्यांतून फुटलेले धुमारे आहेत आणि जमिनीखाली मुळे जिवंत आहेत. त्यातले दोन-चार जोमदार धुमारे राखायचे, बाकी छाटायचे आणि जनावरांपासून जपायचे, एवढेच काम. ना रोपवाटिका, ना टँकरचे पाणी. खरी अडचण कायद्याची होती. वसाहतकाळापासून झाड सरकारच्या मालकीचे धरले जाई, म्हणून शेतकरी धुमारा दिसला की उपटायचा. वन अधिकाऱ्यांनी तो जाच सैल केला, पुढे २००४च्या कायद्याने शेतकऱ्याचा हक्क मानला, आणि सुमारे ५० लाख हेक्टरवर शेतात पुन्हा झाडे उभी राहिली. अंदाज २० कोटी झाडांचा आहे. शेजारच्या बुर्किना फासोत याकुबा सावाडोगो या शेतकऱ्याने पावसाआधी कडक जमिनीत खड्डे घेऊन, त्यांत शेणखत टाकून, पीक आणि झाड दोन्ही आणण्याची जुनी पद्धत सुधारली आणि आयुष्यभर शेजाऱ्यांना शिकवली. २०२३च्या डिसेंबरमध्ये ते वारले. ज्यांना हिवरे बाजारची चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी ठाऊक आहे त्यांना या कामाचे मर्म वेगळे समजावायला नको.

या कामाला पैसा लागत नाही असे नाही, पण तो वेगळ्या ठिकाणी लागतो: गावागावांत शेतकऱ्यांनी एकमेकांचे काम पाहावे यासाठी, झाडाची मालकी कागदावर यावी यासाठी, आणि पहिली तीन-चार वर्षे गुरांना दुसरा चारा मिळावा यासाठी. सिएरा लिओनच्या फ्रीटाउनने आणखी एक वाट दाखवली. १४ ऑगस्ट २०१७ला झाडी गेलेला डोंगर शहरावर कोसळला, मृत आणि बेपत्ता मिळून एक हजाराहून अधिक माणसे गेली. नंतर महापौर इव्हॉन अकी-सॉयर यांनी दहा लाख झाडांची मोहीम घेतली तेव्हा वस्तीतल्या लोकांना झाड लावल्याबद्दल पैसे देऊन सोडून दिले नाही. ते झाड जगते आहे याची मोबाइलवर वेळोवेळी नोंद केली की मोबदला मिळतो. तुमच्या वनीकरणाच्या प्रत्येक करारात हप्ते असेच बांधा: रोप लावले की थोडे, तिसऱ्या वर्षी जगलेले दिसले की बाकीचे.

आता शाळांकडे येतो. हा माझा विषय नव्हे, पण कामानिमित्त दुपारी सावली शोधत बसण्याची जागा बहुतेक वेळा शाळाच असायची. चांगल्या बांधलेल्या, पत्र्याच्या छपराच्या, भिंतीवर देणगीदाराच्या नावाची पाटी असलेल्या खोल्या. आत एका शिक्षिकेसमोर शंभराच्या आसपास मुले. मलावीने १९९४ साली, युगांडाने १९९७ साली, केनियाने २००३ साली प्राथमिक शिक्षण मोफत केले आणि मुले लोंढ्याने शाळेत आली. हे मोठे यश होते. पण त्यांच्या मागोमाग शिक्षक आणि पुस्तके आली नाहीत. कॅमेरूनमध्ये २०१२च्या सुमारास दुसरीच्या बारा मुलांमागे वाचनाचे एक पुस्तक होते, असे युनेस्कोने नोंदवले आहे. जागतिक बँकेच्याच अंदाजाप्रमाणे सहाराच्या दक्षिणेकडे दहा वर्षांच्या दहातल्या जवळजवळ नऊ मुलांना साधा मजकूर वाचून कळत नाही. २०३० पर्यंत तिथे दीड कोटी जादा शिक्षक लागतील, असे युनेस्को म्हणते.

शिक्षकाचा पगार हाही तुमच्या लेखी आवर्ती खर्चच. वर्गखोलीला पैसे मिळतात, शिक्षकाला मिळत नाहीत. त्यातून आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या कर्जाबरोबर पगारखर्चावर मर्यादा येते. दोन हजारच्या दशकाच्या सुरुवातीला झांबियात प्रशिक्षित शिक्षक घरी बसून होते आणि शाळांत जागा रिकाम्या होत्या, कारण भरती केली असती तर ती मर्यादा मोडली असती. २०२२ साली झांबियाने शिक्षण बारावीपर्यंत मोफत केले आणि त्याच वर्षी तीस हजारांहून अधिक शिक्षक नेमले. त्याच देशात हे दोन्ही घडले. कर्जाच्या अटी लिहिणाऱ्यांनी या दोन काळांची तुलना करून पाहावी.

झांबियाचा उल्लेख मला आणखी एका कारणासाठी करायचा आहे. मुंबईच्या वस्त्यांत १९९५च्या सुमारास ‘प्रथम’ या संस्थेने काम सुरू केले. कोण कितवीत आहे हे न पाहता कोणाला काय वाचता येते ते पाहायचे, अक्षर ओळखणारे एकीकडे, शब्द वाचणारे दुसरीकडे, उतारा वाचणारे तिसरीकडे अशी मुले बसवायची आणि रोज तासभर त्यांच्या पायरीवरून पुढे न्यायचे. हीच पद्धत २०१६ पासून झांबियात सरकारी शाळांत ‘कॅच अप’ नावाने चालते. पुस्तके तिथल्या न्यांजा, टोंगा अशा भाषांतली, शिकवणारे तिथलेच सरकारी शिक्षक. आयव्हरी कोस्ट आणि नायजेरियातही ती पोहोचली आहे. याला इमारत लागत नाही, संगणकांचे खोके लागत नाहीत. लागतो तो शिक्षकाला महिन्यातून दोनदा भेटून वर्गात शेजारी बसणारा माणूस, आणि त्या माणसाचा पगार. केनियाच्या ‘तुसोमे’ कार्यक्रमानेही हेच केले: प्रत्येक मुलाच्या हातात पुस्तक आणि वर्ग पाहायला येणारा मार्गदर्शक. असे कार्यक्रम पाच वर्षांच्या अनुदानावर उभे राहतात आणि सहाव्या वर्षी मार्गदर्शकाच्या मोटारसायकलच्या पेट्रोलला पैसे नाहीत म्हणून ढिले पडतात. माझी तिसरी विनंती: शिक्षणाच्या मदतीतला ठरलेला वाटा पगार, पुस्तके आणि देखरेख यांसाठी राखून ठेवा आणि तो किमान दहा वर्षांचा असू द्या.

शेवटी कफ परेडच्या मंडळींशी थोडे वेगळे बोलतो, कारण ते आपले आहेत. ऑक्टोबर २०१५च्या नवी दिल्लीतल्या भारत-आफ्रिका परिषदेत आपण दहा अब्ज डॉलरांचे सवलतीचे कर्ज आणि पन्नास हजार शिष्यवृत्त्या जाहीर केल्या. टांझानियात व्हिक्टोरिया सरोवराचे पाणी टाबोरा, इगुंगा आणि न्झेगा या शहरांपर्यंत भारतीय कर्जातून पोहोचले. ही कामे पाहून माझ्यासारख्याला आनंदच होतो. पण आपल्या कर्जाची सर्वसाधारण अट अशी की पाऊणशे टक्के माल आणि सेवा भारतातून घ्यायच्या. काम उभे राहीपर्यंत हे ठीक आहे. नंतर पंपाचा इंपेलर गेला, पॅनेलचा एखादा सुटा भाग जळाला की तो मागवायला कोइमतूर किंवा पुण्याला पत्र लिहावे लागते, आणि परकीय चलन मिळेपर्यंत पाणी बंद. ही अट बदला असे मी म्हणत नाही, तिच्यात भर घाला असे म्हणतो: भारतीय कंपनीने सुट्या भागांचे दुकान आणि प्रशिक्षित माणसे त्या देशात ठेवल्याशिवाय शेवटचा हप्ता मिळू नये. कोइमतूरच्या कार्यशाळांत आणि आपल्या आयटीआयमध्ये पंपाचे काम शिकवणारी उत्तम माणसे आहेत. राजस्थानात तिलोनियाच्या बेअरफूट कॉलेजात आफ्रिकेतल्या खेड्यांतल्या, अक्षरओळखही नसलेल्या बायका येऊन सौर दिव्यांची दुरुस्ती शिकून गेल्या आहेत. पन्नास हजार शिष्यवृत्त्यांतल्या काही हजार तरी मिस्त्री, मेकॅनिक आणि वायरमनसाठी ठेवल्या असत्या तर आज त्यांची नावे गावागावांत निघाली असती. पुढच्या परिषदेत त्या ठेवा.

बाकी सगळ्यांना एकच विनवणी. तुमच्या मंजुरीच्या टिपणीत एक रकाना वाढवा: सातव्या वर्षी हे बिघडले तर कोण दुरुस्त करणार, त्याचा पगार कोण देणार आणि सुटा भाग कुठून येणार? नावे, पदे, रक्कम आणि दुकानाचा पत्ता यांसह तो रकाना भरलेला नसेल, तर फाइल सही न करता परत पाठवा.



आपला नम्र,
ग्रामीण पाणीपुरवठ्यातला एक निवृत्त अभियंता,
जालना